सीटला बांधलेला काळा दोरा

४ डिसेंबर १९७७, रविवार

पावसाळा लागला तेव्हापासून ही वही उघडलेली नाही. माफी मागायला हवी, पण कोणाची ते कळत नाही; वही माझी, आळसही माझाच. मुलगा अकोल्याला शिकायला गेला, घरात मी आणि पंचफुला दोघंच उरलो, आणि वेळ वाढण्याऐवजी तो कुठे जातो हेच कळेनासं झालं.

आज मात्र लिहायला दोन गोष्टी आहेत.

सकाळी पंचायत समितीच्या मुख्यसेविका केशरबाई घरी आल्या. आसेगावच्या रस्त्यावर जी वाडी आहे तिथं बालवाडी उघडायची आहे, शिकलेली बाई मिळत नाही, पंचफुला सातवी पास आहे, तिला पाठवा म्हणाल्या. मी शांतपणे अडचण सांगितली. त्या वाडीला बसच्या वेळा जुळत नाहीत, संध्याकाळी एकट्या बाईनं शेतातून पायी यायचं हे बरं नाही. "साधन असतं तर माझी काहीच हरकत नव्हती," असं मी म्हणालो.

पंचफुला चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "साधन असलं तर चालते ना मंग?"

"तत्त्वतः हो," मी म्हणालो.

"गुरुजी, सव्वीस जानेवारीले झेंडा लावून सुरू करू," केशरबाई उठताना म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी जी बाई तथीसा उभी राहीन, तिचंच नाव वर पाठवीन. तवरोक पाह्यू."

त्या गेल्यावर मी स्वतःला तपासून पाहिलं. 'हरकत नव्हती' हे खरं बोललो का? खरं बोललो. बस नाही ही काही माझी चूक नाही. हे लिहितो आहे तेव्हा समोर ओसरीत माझी सायकल उभी आहे, मडगार्डवर बोटभर धूळ. शाळा इतकी जवळ की कधी काढलीच जात नाही.

दुसरी गोष्ट सायकलीचीच. फौजेतून परत आलेले सुभेदार भाऊसिंग शेलूबाजारात एक शर्यत भरवणार आहेत, तीही सव्वीस जानेवारीला. आधी तलाव पोहून जायचं, मग सायकलीनं वाशीमच्या रस्त्यानं नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं, मग धावत गावाला फेरी. "पहले पानी, फिर चक्का, फिर पाँव," असं ते बाजारात ओरडून सांगत होते. माझे सहकारी बबनराव, विज्ञानाचे शिक्षक, त्यांनी आपलं नाव दिलं आणि हसत माझ्याकडे पाहिलं. मीही दिलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

खरं कारण बबनराव नव्हेत. माझ्या लहानपणी तलावाच्या घाटाच्या पायऱ्या आमच्या वस्तीसाठी नव्हत्या. मी पोहायला शिकलो नदीच्या डोहात, म्हशींबरोबर. आता कोणी अडवत नाही. पण कोणी अडवत नाही म्हणून मी कधी त्या घाटावरून उतरलो, असंही झालेलं नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

रोज सकाळी सायकल मारतो आहे. पाय चालतात, दम पुरतो. प्रश्न बसण्याचा आहे. सीट जुनी चामड्याची, मधोमध झोळीसारखी खचलेली. उतरल्यावर जे दुखतं ते कुठे दुखतं हे लिहायलाही संकोच वाटतो. आज सगळे तास उभ्यानं घेतले. मी रागावलेलो आहे असं समजून नववीचा वर्ग चिडीचूप होता.

शाळा सुटल्यावर उकंडरावच्या सायकल दुकानात गेलो.

"कुठं दुखते?" त्यानं भर दुकानात विचारलं.

"बसतो तिथं."

"म्हंजे मागं का मंधात? शरमू नका गुरुजी. जागेपरमाणं सीट असते."

दुकानात चार माणसं होती आणि चारही माणसं माझ्या उत्तरासाठी थांबली. मी 'सगळीकडेच' म्हणालो. उकंडरावनं जाड स्प्रिंगांची रुंद सीट बसवून दिली. दूधवाले वापरतात ती. "आता कसं, पलंगावर बसल्यावानी!" म्हणाला. परत येताना खरंच बरं वाटलं.

१४ डिसेंबर, बुधवार

पलंग फार दिवस टिकला नाही. रुंद सीट मांड्यांना घासते. शिवाय नवीनच प्रकार: गुडघे दुखू लागले आहेत. नीट पाहिलं तर सीट खाली गेलेली. मी बसलो की पाय पुरता सरळ होत नाही. सीटचं टोकही डावीकडे वळलेलं. म्हणजे माझ्या वजनानं खचते की काय? मी जाड नाही. पुन्हा वर करून बोल्ट आवळला.

पंचफुला हल्ली पाचवारी पातळ सोडून पुन्हा नऊवारी लुगडं नेसते, काष्टा घालून. विचारलं तर म्हणाली, "कामाले सुदरते." कोणतं काम वाढलं ते कळलं नाही. मुलगा गेल्यावर खरं तर काम कमी व्हायला हवं.

बालवाडीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. तिला पटलं असावं. की वाईट वाटलं असावं? विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

१८ डिसेंबर, रविवार

वाशीमला जाऊन आलो. बाजारातल्या मोठ्या दुकानात सीटच सीट टांगलेल्या. दुकानदारानं एक अरुंद, कडक, चकचकीत सीट काढून दिली. शर्यतीवाले हीच वापरतात म्हणाला. मऊ सीट आधी मऊ वाटते आणि मग छळते, कडक सीट आधी छळते आणि मग सवय होते, हे त्याचं तत्त्वज्ञान. मला ते इतकं पटलं की मी लगेच घेतली. बसमध्ये मांडीवर ठेवून आणली. शेजारच्या बाईनं विचारलं, हे काय वाजवायचं असते?

परत आलो तर पंचफुला घरी नव्हती. थोड्या वेळानं शेजारच्या सोजरमावशीबरोबर आली, दोघी घामाघूम. "वावरात गेलतो, भाजी आनाले," म्हणाली. भाजी दिसली नाही. सोजरमावशीला साठी उलटलेली, तिला असं लांब नेणं बरं नाही, हे मी बोललो. मावशी ओसरीच्या पायरीवर बसून धापा टाकत म्हणाली, "माह्यं काही नाई मास्तर, पन धरनाराले पयनाराच्या मांगं पयाच लागते."

धरणाऱ्याला पळणाऱ्यामागे पळावंच लागतं, या म्हणीचा अर्थ लागला नाही. या बाजूच्या बऱ्याच म्हणी माझ्या कानावर पडायच्या राहिल्या असाव्यात.

२३ डिसेंबर, शुक्रवार

कडक सीटनं पहिला अर्धाच भाग पूर्ण केला: छळते. सवय होत नाही. काल उतरल्यावर काही वेळ कमरेखालचं काही जाणवतच नव्हतं, म्हणून घाबरून जुनी चामड्याची सीट पुन्हा चढवली.

पंचफुला पाहत होती. म्हणाली, "आना इकडं, खोळ शिवून देतो."

जुन्या लुगड्याचे पदर आणि सरकी काढलेला कापूस घेऊन बसली. मी सांगितलं, सगळीकडे सारखा भर, गादीसारखा. ती ऐकेना.

"नाई. नाकाकडं कमी भरा लागते. मंधात खड्डा ठेवा लागते. मागं दोन बाजूनं दोन उशा. हाडं तथीसा टेकतेत."

"हे तुला कसं कळलं?"

सुई दातात धरून तिनं दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, "तुमी बसता ते पाह्यतो ना मी रोज."

पाहून इतकं कळत असेल तर मी वीस वर्षं वर्गात मुलांकडे पाहतो आहे, मला काय कळलं, असा प्रश्न पडला. खोळ अशी जमली आहे की आज नाक्यापर्यंत जाऊन आलो आणि खुर्चीवर बसून जेवलो.

तिच्या नडगीला चिंधी बांधलेली दिसली. लाकूड लागलं म्हणाली. हळद लावली आहे.

२९ डिसेंबर, गुरुवार

सीट सोयीची झाली, पण एका उंचीवर राहत नाही. आज सकाळी पुन्हा खाली. परवा वर होती, तीही जरुरीपेक्षा जास्त, इतकी की चवड्यावर पाय टेकवावे लागले. वजनानं सीट खाली जाईल हे समजतं. वर कशी येईल?

काल उकंडरावला विचारलं होतं. त्यानं चाक फिरवलं, घंटी वाजवली, नळीवर बोट घासलं. "थंडीनं लोखंड आकसते," म्हणाला. "सकाळी एक, दुपारी एक. नळी बदला." नळी बदलली. तरी आज सीट पुन्हा खाली.

पान्यावर पिवळे डाग पडले आहेत. गंज पिवळा असतो का? बबनरावांना विचारावं म्हटलं, पण शर्यतीत ते माझ्याविरुद्ध आहेत. माझ्या पान्याबद्दल त्यांना विचारणं प्रशस्त वाटलं नाही.

१ जानेवारी १९७८, रविवार

नवीन वर्षाचा संकल्प: अंदाजानं बोलायचं नाही, मोजून पाहायचं.

सीट माझ्या मापाला बसवली. मग सीटच्या मागच्या तारेपासून खाली सांध्यापर्यंत एक दोरा ताणून बांधला. सीट खाली गेली तर दोरा ढिला पडेल, वर गेली तर तुटेल. दोरा पंचफुलाच्या शिवणाच्या डब्यातला. काळाच हाती लागला.

"काळा?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतीन?"

मी तिला युक्ती समजावून सांगितली. ताणलेला असला की माप बरोबर, हेही सांगितलं. तिनं फार लक्ष देऊन ऐकलं. दोऱ्याला बोट लावून पाहिलं. "म्हंजे ताट झाला का बस?"

"बस."

माझ्या एखाद्या युक्तीत तिनं इतका रस घेतल्याचं आठवत नाही. बरं वाटलं.

६ जानेवारी, शुक्रवार

दोरा बांधल्यापासून सीट हललेली नाही. रोज सकाळी पाहतो, ताठ.

याचा अर्थ काय? दोरा शिवणाचा, फुंकर मारली तर तुटेल. तो माझं वजन धरून ठेवणं शक्य नाही. पण जे शक्य नाही ते रोज सकाळी दिसतं आहे.

नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हा वडिलांनी घरातला प्रत्येक गंडादोरा काढून चुलीत घातला होता. आईच्या दंडातला काळा दोरा मी स्वतः कापला. आणि आज माझी सायकल काळ्या दोऱ्यानं बरी झाली आहे.

११ जानेवारी, बुधवार

गावभर झालं. उकंडराव म्हणाला, "आता मले काहून इचारता गुरुजी? तुमी तं दोऱ्यानंच रिपेर केली." त्याच्या दुकानात एका दूधवाल्याच्या सायकलीला काळा दोरा बांधलेला पाहिला. सीटला नव्हे, हँडलला, तेही चुकीचं. मी त्याला समजावून सांगू लागलो की हे केवळ माप आहे, त्यात काही गुण नाही. त्यानं विचारलं, "मंग गुन आला का नाई?"

आला, हे मला कबूल करावं लागलं. तो हात जोडून गेला.

मी वर्गात अंधश्रद्धेवर बोलतो. वस्तीतली तरुण मुलं माझ्याकडे पाहतात. मला आलेला अनुभव खरा असला तरी त्याचं कारण मला माहीत नाही. आणि कारण माहीत नसलेली गोष्ट मी चारचौघांत मिरवतो आहे. उद्या दोरा काढणार. सीट खाली गेली तरी चालेल.

१४ जानेवारी, शनिवार

दोरा काढला. सीट खाली गेली.

नुसती गेली नाही, टोकही उजवीकडे वळलं आहे. मला हसावं की रडावं कळेना. पंचफुलाला दाखवलं तर ती माझ्यापेक्षा जास्त गोंधळलेली दिसली. "दोरा कायले सोडला तुमी? बरं चाल्लं होतं ना," म्हणाली, आणि आवाजात चक्क राग होता.

तीही दोऱ्यावर विश्वास ठेवू लागली आहे. माझ्याच घरात. याला मीच जबाबदार.

१७ जानेवारी, मंगळवार

आज जे केलं ते लिहून ठेवतो.

सकाळी बोल्ट पाहिला. कडा झिजल्या आहेत, ताजे चकचकीत ओरखडे. म्हणजे लोखंड आकसत नाही, वजन नाही, दोरा नाही. कोणीतरी माझ्या माघारी पाना लावतं. हे सुचल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की पुढचा विचार केलाच नाही. डबा नसला की बबनराव मधल्या सुट्टीत जेवायला घरी जातात, वाट आमच्या दारावरून. तेही शर्यतीत आहेत.

शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना विचारलं. सगळ्यांसमोर.

ते आधी हसले. "देवमन सर, मी तुमची सीट खाली करू? अवो, मले माह्या सायकलीची साखळी चढवता येत नाई."

"बोल्टवर ओरखडे आहेत," मी म्हणालो.

"ओरखडे हायेत म्हणून मी?" त्यांचं हसू गेलं. "पोराइले काय शिकवता तुमी? पुरावा पाह्यजे म्हणता ना? आपन सोबत बसून बारा वर्सं डबा खाल्ला. सीटीसाठी?"

मग ते डबा न आणण्याच्या दिवसांत घरी जातात तसे उठून गेले. आज त्यांनी डबा आणलेला होता.

घरी येऊन पंचफुलाला सांगितलं. तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "बबनरावांवर आय घेतला तुमी?" पुन्हा पुन्हा हेच, आळ का घेतला. "अवो, तो माणूस तसा नाई. तुमी माफी मागा त्याले. उद्याच मागा." ती रडेल असं वाटलं. बबनरावांबद्दल तिला इतकं वाईट का वाटावं?

दोरा पुन्हा बांधला. तत्त्वांचं मग पाहू.

२० जानेवारी, शुक्रवार

सीट जागेवर, दोरा ताठ. बबनराव बोलत नाहीत. मी माफी मागितली नाही; तेच असतील तर? नसतील तर?

सकाळी पहिल्यांदा तलावात उतरलो. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया होत्या. कोणी काही म्हणालं नाही. शेवटच्या पायरीवर मात्र मी बराच वेळ उभा राहिलो. पाणी थंड होतं हे कारण पुरेसं आहे, पण एकमेव नाही. भाऊसिंग काठावरून ओरडले, "मास्टर, पानी को सोचने का टाइम मत दो!" उडी मारली.

शर्यतीत आता मला फक्त तलाव दिसतो. घाटावरून उतरायचं, सगळ्या गावासमोर. सायकल आणि धावणं तर त्या मागोमाग आपोआप होईल.

२३ जानेवारी, सोमवार

संस्थेचे एक जुने सभासद वारले म्हणून शाळा दुपारीच सुटली. घरी आलो तर दाराला कडी आणि ओसरी रिकामी. सायकल नाही.

चोर सीटवर थांबला नाही, सायकलच घेऊन गेला, असं मनात येऊन उकंडरावकडे धावलो.

"सायकल?" तो पंपाकडे पाहत म्हणाला. "मंघाशी आसेगाव रोडनं गेली."

"कोणी नेली?"

"मले काय मालूम गुरुजी. मी पंचर काढून राह्यलो." त्याच्या समोर पंक्चर झालेलं काहीही नव्हतं.

आसेगावच्या रस्त्याला लागलो. गाव संपल्यावर जो मोरीचा कठडा आहे त्यावर सोजरमावशी बसली होती, मांडीवर चपलांचा जोड. चपला पंचफुलाच्या. आणि दूर रस्त्यावर, माझ्याकडे पाठ करून, काष्टा घातलेली एक बाई सायकल चालवत जात होती.

मी बाभळीपाशी थांबलो. चाक डगमगत नव्हतं. पाठ सरळ. एक बैलगाडी आली तेव्हा तिनं घंटी वाजवली, आणि गाडीवाल्यानं बैल बाजूला घेतले.

पहिला विचार मनात आला तो सीटचा. सीट दोन बोटं खाली होती आणि तिचे पाय बरोबर पुरत होते. तिच्या मापाची सीट तीच. लाज वाटते, पण पहिला विचार हाच आला. राग आला का? आला असावा. इतके दिवस गावात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. पण तो राग कोणावर धरायचा हे शोधेपर्यंत ती वळणावर पोचली होती.

हाक मारायला तोंड उघडलं तर मावशीनं हात वर केला.

"आवाज देऊ नका मास्तर. मांगं एकडाव कोनं आवाज देल्ला तं नालीत पडली. नडगी फुटली."

"कधीपासून चालू आहे हे?"

"ते केशरबाई आल्या ना, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. तुमी म्हनले ना, साधन असलं तं चालते. थे म्हने, मावशी, साधन तं वसरीत उभं हाये." मावशीनं चपला एका मांडीवरून दुसरीवर ठेवल्या. "पह्यले मीच मांगून धरो. आता काही धरा लागत नाई, चपला सांभायतो नुसती. वाडीवरोक जाऊन येते, दोनडाव गेली."

"मग मला का सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी इचार केला असता." मावशी हसली नाही. "तुमी इचार करता का मंग दिवाई येते."

मी विचारलं, आता सव्वीस तारखेला जाणार ती?

"काह्याची जाते! केशरबाईले निरोप धाडला तिनं का दुसरी बाई पाह्या. म्हने, त्या दिवशी सायकल त्याइले लागते. त्याइचा तलाव हाये."

'शर्यत' म्हणाली नाही पंचफुला. तलाव. घाटाबद्दल मी तिच्याशी कधी बोललो ते मला आठवत नाही.

ती वळताना दिसली तसा मी धुऱ्यानं, शेतांच्या बांधावरून, परत निघालो. घरी मुद्दाम उशिरा पोचलो. सायकल ओसरीत, सीट माझ्या मापाला, दोरा ताठ. पाना उचलून पाहिला. पिवळे डाग हळदीचे आहेत. स्वयंपाकाच्या हातांचे.

जेवताना तिनं विचारलं, "सीट बरोबर हाये ना आता?"

"हो," मी म्हणालो. भाजी कशाची होती सांगता येणार नाही.

२५ जानेवारी, बुधवार

दोन दिवस काय करावं हे ठरवताना मी शर्यतीच्या बाजूनंही विचार केला, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. नाव दिलं आहे, गाव पाहणार आहे, आणि सीट आज इतकी सुखाची आहे की हरण्याला निमित्तसुद्धा उरलेलं नाही. म्हणून उलटही तपासून पाहिलं: हरण्याच्या भीतीनं तर सायकल सोडत नाही ना मी? थोडी भीती आहे. पण भीती नसती तरी सायकल एकच आहे.

सकाळी बबनरावांच्या घरी गेलो आणि दारातच माफी मागितली.

"कोण होतं मंग?" ते म्हणाले.

"कळलं आहे. पण ते सांगायचा हक्क माझा नाही."

ते हळूच म्हणाले, "सर, मी कितीकडाव दुपारी तुमच्या दारावरून जातो. मी काही आंधळा नाई." आणि चहा ठेवायला आत ओरडले. म्हणजे त्या दिवशी खोलीत एका वाक्यात ते सुटू शकले असते, आणि त्यांनी ते वाक्य उच्चारलं नव्हतं.

केशरबाई बसस्टँडवर भेटल्या. दुसरी बाई मिळाली का, विचारलं. मिळाली नव्हती.

"आमच्या घरून येतील," मी म्हणालो. "साधन मिळालं."

"कोनतं?"

"सायकल."

"नवी घेतली का?"

"नाही. घरचीच. तुम्ही आला होता तेव्हाही होती." त्या बसकडे वळल्या, ते बरंच झालं.

भाऊसिंगांना सांगितलं की मी पोहीन, पुढे सायकल नाही. ते खवळले. "मास्टर, आधा रेस कोई रेस होता है? पानी से निकलके क्या करोगे?"

"कपडे बदलून झेंडावंदनाला जाईन. वाडीवर. चालत."

"तो उतरते काय को हो?"

मी घाटाकडे पाहत होतो. त्यांनीही तिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उतरो. पहला नंबर तुम्हारा पुकारूँगा."

पंचफुलाला अजून सांगितलेलं नाही. आज सांगितलं तर ती नाही म्हणेल, मी समजूत घालीन, ती तलावाचं नाव काढेल, मी विचारात पडेन. सोजरमावशी म्हणते ते खोटं नाही. सकाळी तिला सायकल तिच्या मापाची उभी दिसली की दोघांनाही बोलायला काही उरणार नाही. तिचं माप मला माहीत आहे. नळीवर दोन बोटं वर घासल्याची एक गोल खूण आहे; सीट रोज तिथवर उतरून माझ्यासाठी पुन्हा वर आलेली आहे. नळी बदलल्यापासून ही खूण माझ्या डोळ्यांसमोर होती.

आता ती आत इस्त्री करते आहे. माझा झेंडावंदनाचा सदरा झाला. तिचं पांढरं लुगडं तिनं घडी मोडून पाहिलं आणि पुन्हा पेटीत ठेवलं.

उद्या पहाटे: दोरा सोडून, सीट त्या खुणेपर्यंत उतरवून, बोल्ट घट्ट आवळून ठेवणे.